सीमेवर अडलेले आठ गुण : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
विद्यापीठ अनुदान आयोग,
बहादूरशाह जफर मार्ग, नवी दिल्ली.

प्रत : सीमाभागातील विद्यार्थी संशोधनासाठी ज्या विद्यापीठांकडे जातात, त्या कर्नाटक व महाराष्ट्रातील विद्यापीठांचे मा. कुलगुरू.

विषय : पीएच.डी. प्रवेशासाठी गुणांची ५ टक्के सवलत देताना उमेदवाराच्या स्वतःच्या राज्याची प्रवर्ग यादी ग्राह्य धरण्याबाबत, आणि प्रवेश परीक्षेतील संशोधन पद्धतीचा भाग मराठीतून सोडवण्याची मुभा मिळण्याबाबत.

महोदय,

मी खानापूर तालुक्यात राहते आणि बेळगाव जिल्ह्यातील एका पदवी महाविद्यालयात गेली बावीस वर्षे मराठी शिकवते. जांबोटी, कणकुंबी, नंदगड, लोंढा या बाजूची मुले-मुली माझ्या वर्गात येतात. त्यांतील बहुतेकांची शाळा दहावीपर्यंत मराठी माध्यमाची असते, घरात मराठी, बाजारात मराठी आणि कन्नड, कचेरीत फक्त कन्नड, आणि पदवीला आल्यावर मराठीचा तास सोडला तर बाकी सारे इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये. अशा वाटेने येऊन जो विद्यार्थी एम.ए. मराठी होतो आणि तरीही म्हणतो की मला पुढे संशोधन करायचे आहे, त्याच्यासाठी हे पत्र आहे.

आयोगाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी पीएच.डी.साठी जे विनियम अधिसूचित केले, ते मी अनेकदा वाचले आहेत आणि विद्यार्थ्यांना वाचून दाखवले आहेत. त्यांतील पात्रतेचे कलम तसे सरळ आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची किंवा चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी आणि तीत किमान ५५ टक्के गुण किंवा त्या तोडीची श्रेणी. अथवा चार वर्षांची पदवी आणि तीत ७५ टक्के. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, उन्नत गटात (क्रीमी लेयरमध्ये) न मोडणारे इतर मागासवर्गीय, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांना ५ टक्क्यांची सवलत देता येते, आणि या यादीच्या शेवटी आयोगाने वेळोवेळी ठरवलेल्या इतर प्रवर्गांचाही उल्लेख आहे. या शेवटच्या शब्दांकडे मी पुढे परत येणार आहे, कारण माझी सारी विनंती त्यांच्यावर उभी आहे.

दिल्लीत हे कलम लिहिताना कोणाच्या मनात दुजाभाव असेल असे मला वाटत नाही. पण तेच कलम बेळगावातल्या एका मुलीपर्यंत पोहोचताना त्याचे काय होते, ते मी माझ्या टेबलावर पाहिले आहे.

ही मुलगी माझी विद्यार्थिनी. एम.ए.च्या चार सत्रांचे मिळून तिला २००० पैकी १०९२ गुण आहेत, म्हणजे ५४.६ टक्के. ५५ टक्क्यांसाठी ११०० लागतात. आठ गुण कमी. तिची जात कर्नाटकाच्या मागासवर्गीयांच्या यादीत ३ब प्रवर्गात आहे, केंद्राच्या यादीत नाही. तिचा विषय तिने स्वतः शोधला. आपल्या आजीच्या आणि आजूबाजूच्या तीन गावांतल्या बायकांच्या तोंडून तिने जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या आहेत, आणि त्यांत मराठी ओवी चालू असताना मध्येच कन्नड शब्द, कन्नड नातेवाचक, क्वचित अख्खी कन्नड ओळ कशी येते याच्या खुणा तांबड्या शाईने केल्या आहेत. दोनशेपानी वही भरून गेली आहे. त्या बायकांपैकी दोघी आता हयात नाहीत.

तिने अर्ज तीन ठिकाणी करायचे ठरवले. कर्नाटकातील विद्यापीठात राज्याच्या यादीनुसार ती मागासवर्गीय ठरते, त्यामुळे ५० टक्क्यांच्या अटीत ती सहज बसत होती. पण त्या वर्षी तिच्या विषयाकडे एकाही मार्गदर्शकाची जागा रिकामी नव्हती. सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातील एका विद्यापीठात जागाही होती आणि लोकसाहित्याचे जाणकार मार्गदर्शकही होते. तिथल्या खिडकीवरच्या लिपिकाने तिचा नाडकचेरीतला, म्हणजे कर्नाटकाच्या स्थानिक महसूल कचेरीतला, जातीचा दाखला उलटसुलट करून पाहिला. तो कन्नडमध्ये होता. त्याने तो परत सरकवला आणि सांगितले की हा दाखला दुसऱ्या राज्याचा आहे, इथे तुम्ही खुल्या प्रवर्गात, आणि खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के लागतात. तो माणूस उद्धटपणे बोलला नाही, त्याच्यापुढच्या पुस्तिकेत जे लिहिले होते तेच त्याने सांगितले. तिसरा मार्ग नेटचा, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा. नेटच्या पात्रतेत ५५ टक्क्यांची अट अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, केंद्राच्या यादीतील इतर मागासवर्गीय, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांपुरतीच शिथिल होते. केंद्राच्या यादीत तिची जात नसल्यामुळे तिथेही ती सर्वसाधारण, आणि म्हणून परीक्षेला बसण्यासही अपात्र.

एकाच मुलीच्या एकाच गुणपत्रिकेला तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळाली. जिथे ती पात्र होती तिथे जागा नव्हती, आणि जिथे जागा होती तिथे ती पात्र नव्हती.

मग मी तिला आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला काढायला सांगितले, कारण २०२२ च्या विनियमांत त्या घटकालाही ५ टक्क्यांची सवलत आहे आणि केंद्राच्या यादीबाहेरच्या कुटुंबाला, उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटी पाळून, तो दाखला मिळू शकतो. वडिलांची दीड एकर जिरायत शेती आहे, त्यामुळे उत्पन्नाचा प्रश्नच नव्हता. आमच्या भागातील एका कचेरीत तिला उत्तर मिळाले की तुम्ही तर ३ब मध्ये आहात, मग हा दाखला कशाला मागता? चार फेऱ्या झाल्या, प्रत्येक फेरीला एक दिवसाची शाळेची रजा गेली, कारण ती एका खाजगी शाळेत शिकवते, आणि अर्जाची मुदत संपली. येथे आणखी एक विसंगती आयोगाच्या नजरेस आणून द्यावीशी वाटते. पीएच.डी.च्या विनियमांत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाला गुणांची सवलत आहे. पण २०२४ पासून ज्या नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेश देण्याची दिशा आयोगानेच दाखवली, त्या नेटच्या पात्रतेत त्याच घटकाला पूर्ण ५५ टक्के मागितले जातात. म्हणजे तो दाखला तिला मिळाला असता तरी नेटचे दार बंदच राहिले असते. एकाच आयोगाच्या छत्राखालच्या दोन नियमांनी एकाच उमेदवाराला दोन वेगळी मोजमापे का लावावीत, हे मी तिला समजावून सांगू शकले नाही.

मी कायद्याची विद्यार्थिनी नाही, पण या प्रश्नाची कायदेशीर बाजू ठाऊक नसताना पत्र लिहिणे मला योग्य वाटले नाही. एका राज्यातील अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा स्थलांतरानंतर दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे, आणि राज्ये तोच न्याय इतर मागासवर्गीयांनाही लावतात. कर्नाटकातील मुलीला महाराष्ट्राच्या आरक्षित जागेवर बसवा, अशी मागणी मी करत नाही. त्या जागा त्या राज्यातील वंचितांच्या आहेत आणि त्यांवर दुसऱ्याने हक्क सांगू नये, असे माझे स्वतःचेही मत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की आरक्षित जागा आणि पात्रतेच्या गुणांतील सवलत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सवलतीने कोणाची जागा जात नाही. सवलत मिळालेला उमेदवार खुल्या जागेसाठी इतरांसोबत प्रवेश परीक्षा देतो, त्यात टिकला तर मुलाखतीपर्यंत जातो, न टिकला तर घरी जातो. ती केवळ परीक्षेच्या खोलीत बसण्याची परवानगी आहे.

ही सवलत कशासाठी दिली जाते, याचाही विचार व्हावा. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पदव्युत्तर शिक्षण घेतले, ज्या मुलीने गोठा आवरून अभ्यास केला, तिचे ५४ टक्के आणि शहरातल्या शिक्षित घरातल्या मुलाचे ५५ टक्के यांत बुद्धीचा फरक असेलच असे नाही, या जाणिवेतून ती आली आहे. खानापूरहून कोल्हापूरला जाणाऱ्या बसमध्ये बसल्यावर त्या मुलीचे मागासलेपण वाटेत कुठे उतरते? कागलच्या नाक्यावर तिच्या घरची परिस्थिती बदलत नाही. सीमाभागातील मराठा समाजाचेच उदाहरण घ्या. कर्नाटकाच्या यादीत तो ३ब प्रवर्गात आहे, आणि महाराष्ट्राने २०२४ च्या कायद्याने त्याला सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गात घेतले आहे. दोन्ही राज्यांनी ज्याला आपापल्या परीने मागास मानले, तोच विद्यार्थी सीमा ओलांडताच दोन्हीकडच्या मान्यतेतून निसटतो आणि खुला ठरतो.

म्हणूनच मी विनियमातील त्या शेवटच्या शब्दांकडे परत येते. आयोगाने वेळोवेळी ठरवलेले इतर प्रवर्ग, असे जर विनियमच म्हणत असतील, तर त्यासाठी संसदेत जावे लागत नाही, नवा कायदा करावा लागत नाही. आयोगाच्या एका निर्णयाने आणि विद्यापीठांना पाठवलेल्या एका परिपत्रकाने हे काम होऊ शकते. उमेदवाराच्या स्वतःच्या राज्याने त्याला मागासवर्गीय ठरवले असेल, तर पीएच.डी. प्रवेशाच्या पात्रतेपुरती आणि प्रवेश परीक्षेतील ५० टक्के गुणांच्या अटीपुरती ५ टक्क्यांची सवलत त्याला देशातील कोणत्याही विद्यापीठात मिळेल, एवढे एक वाक्य पुरे आहे. ते शक्य नसल्यास निदान घटनेच्या ३५०ब कलमाने ज्यांच्यासाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली, त्या भाषिक अल्पसंख्याकांतील अशा उमेदवारांसाठी, ज्यांना आपल्या भाषेतील संशोधनासाठी शेजारच्या राज्यात जावेच लागते, हा निर्णय व्हावा.

महाराष्ट्रातील मा. कुलगुरूंना या ठिकाणी एक आठवण करून द्यावीशी वाटते. महाराष्ट्रात अभियांत्रिकी आणि इतर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातील मराठी भाषक उमेदवारांसाठी ‘टाइप ई’ नावाची वेगळी उमेदवारी कित्येक वर्षे मान्य आहे. आमच्या गावांतली मुले त्या आधाराने पुण्या-कोल्हापुरात शिकून इंजिनिअर झाली आहेत. बारावीनंतरच्या प्रवेशाला जी दृष्टी लागू होते, ती मराठीच्याच संशोधनाला लागू होऊ नये, याचे कारण शोधूनही सापडत नाही.

आता परीक्षेच्या भाषेविषयी. विनियमांनुसार विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत निम्मा भाग संशोधन पद्धतीचा आणि निम्मा विषयाचा असतो. पात्र ठरण्यासाठी ५० टक्के गुण लागतात, आणि अंतिम निवडीत परीक्षेला ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भार असतो. मराठी विषयाच्या उमेदवाराला विषयाचा भाग मराठीतून मिळतो, त्यात त्याची अडचण नाही. संशोधन पद्धतीचा निम्मा भाग मात्र सीमेच्या अलीकडे इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये येतो, आणि नेटची पहिली प्रश्नपत्रिका, जिच्यात अध्यापन आणि संशोधनाच्या क्षमतेचे प्रश्न असतात, इंग्रजीत आणि हिंदीत येते. नेटची ही पहिली प्रश्नपत्रिका ५० प्रश्नांची आणि १०० गुणांची, दुसरी १०० प्रश्नांची आणि २०० गुणांची. म्हणजे एक तृतीयांश गुण अशा भाषेत, जी उमेदवाराच्या संशोधनाची भाषा नाही.

हिंदीची लिपी देवनागरीच आहे, मग मराठी मुलांना अडचण काय, असे मला एका चर्चासत्रात विचारले गेले होते. त्याचे उत्तर मी वर्गात रोज पाहते. आम्ही ‘गृहीतक’ शिकवतो, हिंदीत ते ‘परिकल्पना’ होते. आम्ही ‘नमुना निवड’ म्हणतो, तिथे ‘प्रतिचयन’ छापलेले असते. आमचा ‘चल’ तिथे ‘चर’ होतो, आणि ‘चर’ या शब्दाचा आमच्या शेतकऱ्याच्या मुलाच्या मनातला पहिला अर्थ बांधाकडेला खणलेली लांब नाली हा असतो. तीन तासांत दीडशे प्रश्न सोडवायचे असताना ज्याला प्रत्येक तिसरा शब्द आधी मनात मराठीत आणावा लागतो, त्याचे संशोधन पद्धतीचे ज्ञान मोजले जात नाही, त्याच्या भाषांतराचा वेग मोजला जातो. लिपी ओळखीची असल्यामुळे शब्दही ओळखीचे वाटतात आणि चूक झाल्याचे कळतही नाही, हा त्यातला अधिकचा धोका.

महाराष्ट्राची सेट, म्हणजे राज्य पात्रता परीक्षा, मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांतून होते, म्हणजे संशोधन पद्धतीवरचे प्रश्न मराठीत काढता येतात हे सिद्ध झालेले आहे. एप्रिल २०२३ मध्ये आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी विद्यापीठांना कळवले होते की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत परीक्षा लिहू द्यावी. ते पत्र मी आमच्या विभागाच्या फलकावर लावले होते. त्यानंतर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा बेळगावातही पेढे वाटले गेले. ज्या भाषेच्या अभिजातपणाचा पुरावा तिच्या संशोधकांनी गोळा केला, त्या भाषेच्या पुढच्या संशोधकाला संशोधन म्हणजे काय हे त्याच भाषेत विचारले जाऊ नये, हे मनाला पटत नाही. मराठी विषयात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्याला, मग तो कोणत्याही राज्यातील विद्यापीठात अर्ज करो, प्रवेश परीक्षेचे दोन्ही भाग मराठीत मिळावेत. हीच सोय महाराष्ट्रात राहून कन्नडमध्ये संशोधन करू इच्छिणाऱ्या सोलापूर-अक्कलकोटच्या मुलांना कन्नडमधून मिळावी, असेही मी तितक्याच आग्रहाने म्हणते. आमचा प्रश्न त्यांच्या प्रश्नापेक्षा वेगळा नाही.

याच सीमेवर आता एक नवा गुंता तयार होत आहे, आणि तो वेळीच सोडवला नाही तर चार-पाच वर्षांत आमच्या दारात येऊन उभा राहील. निपाणीला लागून असलेले अर्जुननगर हे कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात मोडते. तिथल्या महाविद्यालयात निपाणीची मुले पिढ्यान्‌पिढ्या शिकत आली आहेत, आणि ते शिवाजी विद्यापीठाला जोडलेले आहे. महाराष्ट्राने चार वर्षांच्या पदवीची वाट धरली आहे. कर्नाटकाने ती २०२१-२२ मध्ये सुरू केली आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळले. आता निपाणीतल्या एकाच घरातली एक बहीण अर्जुननगरला जाऊन चार वर्षांची पदवी घेईल, ७५ टक्के मिळाले तर थेट पीएच.डी.ला पात्र ठरेल, नाही तर एका वर्षात एम.ए. करील. दुसरी बहीण गावातच राहून तीन अधिक दोन अशी पाच वर्षे घालवील. आणि मधल्या तीन तुकड्यांतली जी कर्नाटकी मुले चौथे वर्ष पूर्ण करून बाहेर पडतील, त्यांना एक वर्षाच्या एम.ए.ला कोणते विद्यापीठ कोणत्या आधारावर घेईल, याचे उत्तर प्रवेशाच्या खिडकीवर वेगवेगळे मिळू नये. विनियमांत दोन्ही वाटा मान्य आहेत. पण समकक्षतेचा दाखला, मायग्रेशन आणि एलिजिबिलिटी यांच्या कागदांत ही मान्यता हरवते. सीमेलगतच्या विद्यापीठांनी एकमेकांच्या पदव्या आणि श्रेणींचे टक्क्यांत रूपांतर करण्याची पद्धत आधीच परस्परमान्य करून संकेतस्थळावर ठेवली, तर हे हेलपाटे वाचतील.

मार्गदर्शकांविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण पात्र उमेदवाराला जागाच नसेल तर पात्रतेला काही अर्थ उरत नाही. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, ही मर्यादा योग्यच आहे. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या अध्यापकाने नवा विद्यार्थी घेऊ नये, हा नियमही विद्यार्थ्याच्या हिताचा आहे. पण कर्नाटकातील मराठीचे विभाग लहान आहेत. ज्या विभागात चार माणसे, तिथे एक निवृत्तीला आला आणि एका पदावर नेमणूकच झाली नाही, की त्या वर्षीच्या जाहिरातीत मराठीपुढे शून्य येते. अशा भाषिक अल्पसंख्याक विभागांना शेजारच्या राज्यातील सहमार्गदर्शक घेण्याची मुभा मिळावी. विनियम सहमार्गदर्शकाची सोय करतात. फक्त ती मिळवण्यासाठी विद्यार्थ्याला दोन विद्यापीठांच्या सक्षम प्राधिकाऱ्यांमागे वर्षभर फिरावे लागू नये.

या विनियमांतील चांगल्या गोष्टीही मी मनापासून मान्य करते. मी स्वतः दोन मुले लहान असताना नोकरी सांभाळून प्रबंध लिहिला आहे, त्यामुळे स्त्री संशोधकाला २४० दिवसांची प्रसूती आणि बालसंगोपन रजा आणि एकूण दहा वर्षांपर्यंतची मुदत मिळणे म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको. आमच्या वेळी ते नव्हते. हे नियम करणाऱ्यांनी संशोधक स्त्रीच्या घरात डोकावून पाहिले होते, असेच मी म्हणेन. तशीच एक नजर आता सीमेवरच्या घरात टाकावी, इतकीच अपेक्षा आहे.

५५ टक्केच आणायचे होते, आठ गुणांसाठी एवढे लांब पत्र कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांना मी सांगेन की सवलत मी नव्याने मागत नाही, ती विनियमांत आहेच. ती सीमेच्या एका बाजूला चालते आणि दुसऱ्या बाजूला चालत नाही, याची तक्रार मी करते आहे. आणि आठ गुणांमुळे जे अडले आहे तेही पाहावे. बेळगावच्या मराठीत कन्नडचे आणि इथल्या कन्नडमध्ये मराठीचे जे मिसळणे शतकानुशतके झाले आहे, ते दोन्ही भाषा कानावर घेऊन वाढलेल्या माणसाइतके कोणाला ऐकू येणार? हलशी आणि देगावच्या कदंबकालीन मंदिरांभोवतीच्या गावांतली दैवते, सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या मराठी भक्तांची गाणी, १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनातल्या बायकांच्या आठवणी, जुन्या घरांच्या माळ्यावर वाळवी लागत असलेली मोडी कागदपत्रे, हे सारे विषय दोन भाषांच्या संशोधकाची वाट पाहत आहेत. तो संशोधक बाहेरून येणार नाही. तो आमच्याच वर्गात बसलेला असतो, आणि बहुधा त्याला ५५ टक्के नसतात.

आपल्याकडून मला तीन गोष्टींचे लेखी उत्तर हवे आहे. पात्रतेतील आणि प्रवेश परीक्षेतील ५ टक्क्यांच्या सवलतीसाठी उमेदवाराच्या राज्याची यादी ग्राह्य धरण्याचा निर्णय आयोग घेणार का? नेटच्या पात्रतेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाला २०२२ च्या विनियमांप्रमाणेच सवलत मिळणार का? आणि मराठी विषयाच्या उमेदवाराला संशोधन पद्धतीचा भाग मराठीतून देण्याचा आदेश विद्यापीठांना आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला जाणार का? मा. कुलगुरूंना माझी विनंती याहून सोपी आहे. प्रवेश परीक्षेची केंद्रे आधी जाहीर करण्याचे बंधन विनियमांनी घातलेलेच आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी त्यांत बेळगाव हे एक केंद्र ठेवावे. आणि पुढच्या जाहिरातीत परराज्यातील उमेदवाराला कोणती सवलत आहे आणि कोणती नाही, त्याचा दाखला कोणत्या भाषेत चालेल, त्याचे भाषांतर कोणाकडून साक्षांकित करून हवे, हे अर्ज भरण्याआधी समजेल अशा ठिकाणी छापावे. खिडकीवर पोहोचल्यावर कळणाऱ्या अटीसाठी आमच्या मुलांना एक दिवसाचा पगार आणि दोन्ही बाजूंचे बसभाडे मोजावे लागते.

माझ्या विद्यार्थिनीची वही सध्या माझ्या कपाटात आहे. पावसाळ्यात त्यांच्या घराच्या कौलांतून पाणी ठिबकते म्हणून ती तिने माझ्याकडे ठेवायला दिली. तिच्या तिन्ही अर्जांच्या छायाप्रती, नाव आणि पत्ता झाकून, या पत्रासोबत जोडत आहे. प्रवर्गाच्या रकान्यात पहिल्या अर्जावर ‘३ब’, दुसऱ्यावर ‘परराज्य, खुला’ आणि तिसऱ्यावर ‘सर्वसाधारण’ असे लिहिलेले आपल्याला दिसेल. तिन्ही अर्जांवरचे गुण १०९२ हेच आहेत.

आपली विश्वासू,
मराठीची एक अध्यापिका,
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव.